तांबड्या पेशींचा शत्रू घरातच : ल्युपसमधील एका निदानाचा इतिहास

‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य भारतात इतके सरावाचे झाले आहे, की ते कमी का आहे, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया, म्हणजे पांडुरोग आहे. त्यांतील मोठ्या वर्गाच्या आहारात लोह अपुरे पडते आणि त्यांना लोहाच्या गोळ्या देणे योग्यच असते. परंतु या गर्दीत एक लहान गट असा असतो, की ज्याच्या शरीरात रक्त तयार होणे थांबलेले नसते. उलट अस्थिमज्जा नेहमीपेक्षा अधिक वेगाने राबत असते. आणि तयार झालेल्या तांबड्या पेशी रुग्णाची स्वतःची प्रतिकारसंस्थाच नष्ट करत असते. या विकाराला स्वयंप्रतिकारी रक्तविलयी ॲनिमिया म्हणतात.

ल्युपस या रोगात ही घटना विशेष महत्त्वाची ठरते. ल्युपसचे सुमारे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना तो प्रजननक्षम वयात गाठतो. म्हणजे सर्वेक्षणातील नेमक्या त्याच वयोगटात. या रुग्णांपैकी साधारण दहा टक्क्यांना कधी ना कधी तांबड्या पेशींचा असा नाश सोसावा लागतो, आणि काही वेळा तेच रोगाचे पहिले चिन्ह असते. लोहाच्या गोळ्यांनी हा नाश थांबत नाही. तो वेळीच ओळखला नाही तर हिमोग्लोबिन काही दिवसांत जिवावर बेतेल इतके खाली येऊ शकते. तो नसताना आहे असे ठरवले, तर रुग्णाला महिनोन्‌महिने स्टेरॉइडचा अकारण भार वाहावा लागतो. म्हणून या निदानाचा इतिहास हा केवळ एका चाचणीच्या शोधाचा इतिहास नाही. ‘पेशी नष्ट होत आहेत का?’ आणि ‘त्या कोण नष्ट करत आहे?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे वैद्यकाला कसे उमगत गेले, त्याचा तो इतिहास आहे.

बोकडांपासून बर्फाच्या पाण्यापर्यंत

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रँकफर्ट येथे पॉल एर्लिख आणि यूलियस मॉर्गनरोथ यांनी बोकडांवर प्रयोग केले. एका बोकडाला दुसऱ्या बोकडाचे रक्त टोचले की, त्या परक्या पेशी विरघळवणारी द्रव्ये त्याच्या रक्तात तयार होत. स्वतःच्या पेशींना मात्र ती कधी अपाय करत नसत. त्यावरून एर्लिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे शरीराला असलेली आत्मविषाची धास्ती, ही संकल्पना मांडली. स्वतःविरुद्धची द्रव्ये मुळीच निर्माण होऊ शकत नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांना आपले काम करू न देणारी काहीतरी व्यवस्था शरीरात असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील पिढ्यांनी मात्र ही सावध मांडणी गाळून टाकली आणि ‘शरीर स्वतःवर उलटत नाही’ असा कडक नियमच तिच्यातून काढला.

या नियमाला पहिला छेद लवकरच मिळाला. १९०४ मध्ये व्हिएन्नातील यूलियस डोनाथ आणि रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी एका विचित्र विकाराचे मूळ शोधले. त्या विकाराच्या रुग्णांना थंडी बाधली की, त्यांची लघवी काळपट लाल होत असे. रुग्णाच्या रक्ताचा नमुना बर्फाच्या पाण्यात ठेवून नंतर शरीराच्या तापमानाला आणला असता तांबड्या पेशी फुटतात, हे त्यांनी दाखवून दिले. रुग्णाच्या रक्तद्रवातील एक प्रतिपिंड थंडीत त्याच्याच पेशींना चिकटत असे आणि ऊब मिळताच त्यांचा नाश घडून येत असे. शरीर स्वतःच्या पेशींवर उलटते, याचा हा परीक्षानळीतील पहिला भक्कम पुरावा होता.

पाठोपाठ १९०७-०८ मध्ये फ्रान्सच्या आनातोल शोफार आणि फर्नां विडाल यांच्या गटांनी कावीळ, वाढलेली पाणथरी आणि फिकेपणा असलेल्या रुग्णांकडे लक्ष वळवले. काहींमध्ये हा विकार जन्मजात असतो, तर काहींमध्ये तो मोठेपणी जडतो, हे त्यांनी ओळखले. मोठेपणी जडलेल्या प्रकारात रक्तद्रवात पेशींचे पुंजके करणारी किंवा त्यांना विरघळवणारी द्रव्ये सापडतात, असेही त्यांनी नोंदवले. तरीही पुढची तीस वर्षे हा धागा जवळजवळ सुटून गेला. त्याचे एक कारण एर्लिख यांच्या नियमाचा दबदबा. दुसरे कारण अधिक साधे होते. बहुतेक रुग्णांत उपलब्ध पद्धतींनी काहीच दिसत नसे. प्रतिपिंड पेशींवर असले तरी परीक्षानळीत ते गप्प राहत.

१९३८ मध्ये बोस्टनचे विल्यम डॅमशेक आणि त्यांचे सहकारी श्वार्ट्झ यांनी हा धागा पुन्हा हाती घेतला. तीव्र रक्तविलयनाच्या रुग्णांत त्यांना रक्तविलयी द्रव्ये आढळली. गिनिपिगच्या तांबड्या पेशींविरुद्ध सशात तयार केलेला रक्तद्रव त्यांनी गिनिपिगना टोचला; तेव्हा त्या प्राण्यांच्या पेशी चपटा बशीसारखा आकार सोडून गोल झाल्या आणि फुटू लागल्या. गोल पेशी म्हणजे जन्मजात दोष, ही समजूत त्यामुळे मोडली. प्रतिपिंडांच्या माऱ्यानेही पेशी गोल होतात, हे स्पष्ट झाले. आज त्याची यंत्रणा ठाऊक आहे. प्रतिपिंड चिकटलेल्या पेशीच्या आवरणाचा लचका पाणथरीतील भक्षक पेशी तोडतात. आवरण कमी झाल्याने उरलेली पेशी गोल होते आणि पुढच्या फेरीत पाणथरीतच अडकून संपते. १२० दिवसांचे आयुष्य काही दिवसांवर येते. परंतु सूक्ष्मदर्शकाखालची गोल पेशी पाहून ती जन्मतः तशी आहे की माऱ्याने तशी झाली आहे, हे सांगण्याचे साधन १९३८ मध्ये नव्हते.

त्वचेवरील लांडगा

याच काळात ल्युपसची कथा वेगळ्या वाटेने चालली होती. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्याची त्वचा कुरतडणाऱ्या व्रणांना मध्ययुगापासून हे नाव दिले जाई. १८५१ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी ‘ल्युपस एरिथेमाटोसस’ ही संज्ञा रूढ केली. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोझी यांनी हा रोग त्वचेपुरता थांबत नाही, ताप, सांधेदुखी आणि फिकेपणाही त्यासोबत येतो, असे लिहिले. १८९५ पासून विल्यम ऑस्लर यांनी मूत्रपिंड, हृदय आणि अन्य अवयवांवरील त्याचे आघात नोंदवले. त्वचारोगतज्ज्ञाच्या कक्षेतून ल्युपस अशा रीतीने शरीरभर पसरलेल्या रोगांच्या यादीत आला. तरी त्याला एका सूत्रात बांधणारे कारण सापडलेले नव्हते.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्ज आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक वेगळी पेशी पाहिली. दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली ती पांढरी पेशी ‘एलई पेशी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. रुग्णाच्या रक्तद्रवातील एखादा घटक ही पेशी घडवतो, हे लवकरच सिद्ध झाले. १९५७ च्या सुमारास तो घटक म्हणजे केंद्रकातील द्रव्यांविरुद्धचे प्रतिपिंड, हे प्रस्थापित झाले. ल्युपसमध्ये शरीर आपल्याच पेशींच्या गाभ्यावर उलटते, हे आता नाकारता येत नव्हते. मग तांबड्या पेशींवर उलटणारे प्रतिपिंडही त्याच बिघाडाचा भाग असतील का? तांबड्या पेशीला तर केंद्रकच नसते. या प्रश्नाचे उत्तर ल्युपसशी काहीही संबंध नसलेल्या एका संशोधनातून आले.

आगगाडीतील एक कल्पना

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स हा पशुवैद्यकाची पदवी घेतलेला तरुण रक्तगटांच्या प्रश्नावर काम करत होता. आर्‌एच रक्तगटाच्या संशोधनात एक कोडे पडले होते. काही मातांच्या रक्तद्रवात बाळाच्या पेशींविरुद्धचे प्रतिपिंड असतात, याची लक्षणे दिसत. पण परीक्षानळीत ते पेशींचे पुंजके करत नसत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेस आणि अमेरिकेत अलेक्झांडर वीनर यांनी या ‘अपूर्ण’ प्रतिपिंडांचे वर्णन केले होते. प्रतिपिंड पेशीला चिकटतात, एवढे कळत होते; ते दाखवायचे कसे, हे कळत नव्हते.

कूम्ब्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, लंडनहून केंब्रिजला परतणाऱ्या रात्रीच्या, मंद दिव्यांच्या आगगाडीत त्यांना मार्ग सुचला. प्रतिपिंड म्हणजे रक्तातील ग्लोब्युलिन या वर्गातले प्रथिन. ते पेशीवर बसले असेल, तर त्या ग्लोब्युलिनविरुद्धचे दुसरे प्रतिपिंड घातल्यावर शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातील आणि डोळ्यांना दिसतील असे पुंजके बनतील. अडचण अंतराची होती. तांबड्या पेशींवर ऋण भार असल्याने त्या एकमेकींना दूर ठेवतात आणि लहान आकाराचे प्रतिपिंड हे अंतर ओलांडू शकत नाहीत. दुसरे प्रतिपिंड मध्ये पूल बांधते. सशांना मानवी ग्लोब्युलिन टोचून हा रक्तद्रव तयार करण्यात आला. १९४५ मध्ये कूम्ब्स, आर्थर मुरांट आणि रॉबर्ट रेस यांनी ही चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा कूम्ब्स चोवीस वर्षांचे होते. इटलीच्या कार्लो मोरेस्की यांनी १९०८ मध्येच याच तत्त्वाचे वर्णन केले होते, हे नंतर लक्षात आले आणि कूम्ब्स यांनी मोरेस्की यांचे अग्रत्व मोकळेपणाने मान्य केले.

या चाचणीची दोन रूपे आहेत. रक्तद्रवात मोकळे फिरणारे प्रतिपिंड अप्रत्यक्ष चाचणीत शोधले जातात. प्रत्यक्ष चाचणीत रुग्णाच्या पेशी धुऊन घेऊन, त्यांवर शरीरातच प्रतिपिंड चिकटले आहेत का, हे पाहिले जाते. १९४६ मध्ये इंग्लंडच्या कॅथलीन बूरमन, बार्बरा डॉड आणि जॉन लूटिट यांनी हीच प्रत्यक्ष चाचणी रक्तविलयी काविळीच्या रुग्णांवर वापरली. जन्मजात प्रकारात ती नकारात्मक आली, तर मोठेपणी जडलेल्या प्रकारात सकारात्मक. शोफार आणि विडाल यांनी रेखाटलेली सीमारेषा चार दशकांनी काचेच्या पट्टीवर दिसू लागली. तिचा उपयोग तत्काळ होता: जन्मजात प्रकारात पाणथरी काढल्यावर रुग्ण बहुधा सुधारतो, दुसऱ्या प्रकारात तशी खात्री नसते.

त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत सारे धागे जुळत गेले. ल्युपसच्या फिक्या पडलेल्या रुग्णांत प्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी सकारात्मक येते, असे दिसू लागले. १९५१ मध्ये रॉबर्ट इव्हान्स यांनी तांबड्या पेशी आणि प्लेटलेट या दोन्हींवर एकाच वेळी हल्ला होतो, असे रुग्ण एकत्र मांडून त्यामागे समान कारण असावे, असे प्रतिपादले; आज त्या अवस्थेला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात आणि ती आढळल्यास ल्युपसचा शोध घेतला जातो. त्याच सुमारास नव्याने आलेल्या कॉर्टिझोन आणि एसीटीएच या औषधांनी हा रक्तनाश आवरता येतो, हे डॅमशेक आणि इतरांनी दाखवले. रोग ओळखण्याचे साधन आणि तो आवरण्याचे साधन एकाच अर्धदशकात हाती आले.

न्यूझीलंडचे उंदीर

तांबड्या पेशींचा नाश आणि ल्युपस यांचे नाते रक्ताचे आहे, याचा पुरावा १९५९ मध्ये डनेडिनच्या प्रयोगशाळेतून आला. मरियान बिल्शोव्स्की आणि सहकारी काळ्या उंदरांचा एक वाण पिढ्यान्‌पिढ्या वाढवत होते. एनझेडबी नावाच्या या वाणाचे उंदीर मोठे होताच आपोआप फिके पडत आणि त्यांची कूम्ब्स चाचणी सकारात्मक येत असे. कोणीही त्यांना काही टोचलेले नव्हते. १९६३ मध्ये हेल्यर आणि हॉवी यांनी या उंदरांचा पांढऱ्या वाणाशी संकर केला. तेव्हा पुढच्या पिढीत मूत्रपिंडाचा ल्युपससारखा विकार आणि एलई पेशी दिसल्या. एका वाणात तांबड्या पेशींचा नाश, तर त्याच्या संकरित संततीत जवळजवळ पूर्ण ल्युपस! स्वतःवर उलटण्याचा कल आनुवंशिक असतो आणि तो कोणत्या पेशीवर व्यक्त होईल, हे इतर जनुकांवर अवलंबून असते, हे या उंदरांनी शिकवले. केंद्रक नसलेल्या पेशीवर हल्ला का, या प्रश्नाचे उत्तरही त्यात होते: ल्युपसमध्ये प्रतिकारसंस्थेचा लगामच सुटलेला असतो आणि तिचे लक्ष्य एक नसते.

सकारात्मक म्हणजे काय?

चाचणी रुळली तशा तिच्या मर्यादाही उघड झाल्या. १९६६ मध्ये लंडनच्या शीला वॉरलेज, जॉन डेसी आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबावरील मेथिलडोपा हे औषध घेणाऱ्या अनेकांची कूम्ब्स चाचणी सकारात्मक होते, असे दाखवले. त्यांतील थोड्यांनाच खरा रक्तनाश होत असे. गरोदरपणातील रक्तदाबासाठी हे औषध आजही भारतात वापरले जाते. हजारो निरोगी रक्तदात्यांची तपासणी केली, तर त्यांतही एखाद-दुसऱ्याची चाचणी सकारात्मक निघते. ल्युपसमध्ये तर पेशींवर प्रतिपिंड किंवा पूरक प्रथिने चिकटलेली असूनही हिमोग्लोबिन स्थिर आहे, असे रुग्ण वारंवार दिसतात. उलटपक्षी, खऱ्या स्वयंप्रतिकारी रक्तनाशाच्या काही रुग्णांत, साधारण वीसात एखाद-दोघांत, पेशीवरील प्रतिपिंड इतके थोडे असतात की चाचणी नकारात्मक येते.

म्हणून निदानाला दोन स्वतंत्र पाय लागतात. पहिला पाय नाशाच्या पुराव्याचा: रेटिक्युलोसाइट या कोवळ्या पेशींची वाढ, अप्रत्यक्ष बिलिरुबिन आणि एलडीएच यांची वाढ, हॅप्टोग्लोबिनची घट, रक्तपट्टीवर गोल पेशी. दुसरा पाय कारणाच्या पुराव्याचा: प्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी, आणि तीही पेशीवर आयजीजी आहे की सी३ हे पूरक प्रथिन, हे वेगळे सांगणारी. ल्युपसमध्ये बहुधा शरीराच्या तापमानाला काम करणारे आयजीजी प्रतिपिंड असतात आणि त्यांच्यासोबत पूरक प्रथिनेही आढळतात.

ल्युपसच्या वर्गीकरणाचे निकष या समजुतीबरोबर बदलत गेले. १९७१ च्या अमेरिकी निकषांत रक्तविलयी ॲनिमिया १४ लक्षणांपैकी एका लक्षणात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्या घटीसोबत, मोजला गेला. १९८२ मध्ये त्याला रेटिक्युलोसाइट वाढलेले असण्याची अट जोडली गेली. २०१२ च्या निकषांत रक्तनाश नसलेली नुसती सकारात्मक कूम्ब्स चाचणीही स्वतंत्र प्रतिकारशास्त्रीय चिन्ह म्हणून स्वीकारली गेली. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून केलेल्या निकषांत मात्र हे सुटे चिन्ह वगळले. तेथे स्वयंप्रतिकारी रक्तनाशाला चार गुण आहेत. एकूण दहा गुणांची मर्यादा आहे. आणि ते चार गुण मिळवण्यासाठी नाशाचा पुरावा तसेच सकारात्मक कूम्ब्स चाचणी दोन्ही एकत्र असावे लागतात. शिवाय एक अट अशी की, एखाद्या चिन्हाचे ल्युपसहून अधिक संभाव्य स्पष्टीकरण असेल, तर ते चिन्ह मोजायचे नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडण्याकरिता आहेत, खाटेवरील रुग्णाच्या निदानाचा शेवटचा शब्द नव्हेत. तरी ती शेवटची अट भारतीय डॉक्टरांना इतरांपेक्षा अधिक उपयोगी पडावी अशी आहे.

मुंबईचे दोन धडे

‘ॲनिमिया एक नाही’ हा धडा भारतीय भूमीवर फार आधी गिरवला गेला होता. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांच्या, एका घातक पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. त्यांच्या तांबड्या पेशी लोहाच्या उणिवेतल्यासारख्या लहान नव्हत्या, तर नेहमीहून मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, हा विकार बरा होतो, हे तिने दाखवले. तो घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पेशीचा आकार पाहून कारण वेगळे करण्याची ही शिस्त हाफकिन इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत घडली.

दुसरा धडा रक्तगटांचा. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये केले. ओ गटाचे रक्तही ज्याला चालत नाही, असा तो ‘बॉम्बे’ रक्तगट. त्या निबंधाच्या लेखकांत कूम्ब्स यांचे सहकारी रॉबर्ट रेस यांचेही नाव आहे. केंब्रिजमधील चाचणी आणि परळमधील शोध एकाच माणसाच्या टेबलावर भेटले, ते असे. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तेच आज केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून परिचित आहे. देशभरातील न जुळणाऱ्या रक्ताची कोडी सोडवण्याची विद्या येथे रुजली.

गर्दीत हरवणारे निदान

ल्युपस भारतात किती? १९९३ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. अ. ना. मालवीय आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रामीण पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले. अलीकडे देशातील अनेक केंद्रांनी मिळून ‘इन्स्पायर’ नावाने नव्या रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. प्रमाण कमी असले तरी या रुग्णाची वाट जिथून जाते, ती जागा अडचणीची आहे.

पहिली अडचण लोहाची. रक्तनाश होत असताना अस्थिमज्जेने रेटिक्युलोसाइट वाढवले पाहिजेत; पण लोहच नसेल, तर ते वाढत नाहीत आणि नाशाचा महत्त्वाचा पुरावा झाकला जातो. दुसरी अडचण बी१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारी लोकसंख्येत त्याची उणीव व्यापक आहे. त्या उणिवेत पेशी अस्थिमज्जेतच फुटतात, एलडीएच आणि बिलिरुबिन वाढतात, आणि चित्र हुबेहूब रक्तनाशाचे दिसते. तेथे कूम्ब्स चाचणी नकारात्मक आणि पेशी मोठ्या असतात. तिसरी अडचण आनुवंशिक विकारांची. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकल पेशी सापडल्या; २०२३ पासून त्यांच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे. थॅलेसेमिया आहे, जी६पीडी या विकराची उणीव आहे. अशी उणीव असलेल्या व्यक्तीला डॅप्सोन किंवा प्रायमाक्विन दिले, तर औषधानेच पेशी फुटतात. हिवतापही पेशी फोडतो. यांपैकी कोणतेही कारण ल्युपसच्या रुग्णातही असू शकते. ल्युपस आहे म्हणून रक्तनाश ल्युपसचाच, हे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत धोक्याचा घोटाळा मात्र प्लेटलेटबाबत होतो. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरले, तर ते इव्हान्स सिंड्रोम असेल. किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन त्यांतून जाताना पेशी चिरडल्या जात असतील. ल्युपसमध्ये दोन्ही घडू शकतात. पहिल्यात कूम्ब्स चाचणी सकारात्मक आणि पेशी गोल. दुसऱ्यात चाचणी बहुधा नकारात्मक आणि रक्तपट्टीवर पेशींचे तुटलेले तुकडे. पहिल्यात स्टेरॉइड हा मुख्य उपाय. दुसऱ्यात प्लाझ्मा बदलण्याची तातडी असू शकते आणि तेथे काही तासांनाही किंमत असते. हा फरक करणारी साधने महाग नाहीत: चांगली रंगवलेली रक्तपट्टी, ती वाचणारे डोळे आणि कूम्ब्स यांची चाचणी.

अनेकदा हे निदान रक्तपेढीत उलगडू लागते. फिक्या पडलेल्या रुग्णासाठी रक्त मागवले जाते आणि ‘जुळत नाही’ असा निरोप येतो. तिचे प्रतिपिंड जवळजवळ सर्व माणसांच्या तांबड्या पेशींवर असणाऱ्या घटकाविरुद्ध असल्याने कोणतीच पिशवी जुळत नाही. नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका पेढीतून दुसऱ्या पेढीत फिरत राहतात, आणि प्रत्येक पेढीत तेच उत्तर मिळते. खरे तर हा निरोप नकार नसून सुगावा असतो. तंत्रज्ञाने रुग्णाच्या पेशींवर प्रत्यक्ष चाचणी केली, तर कारण तेथेच उघड होते. त्या प्रतिपिंडाआड पूर्वीच्या गरोदरपणातून किंवा रक्तसंक्रमणातून तयार झालेले दुसरे, अधिक धोकादायक प्रतिपिंड दडलेले नाही ना, हे शोधावे लागते. ते नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर ‘जुळत नाही’ या शेऱ्यासाठी रक्त अडवून धरू नये, हे आता रक्तसंक्रमणशास्त्राचे मान्य तत्त्व आहे. डॉक्टर आणि पेढी यांनी एकमेकांशी बोलून, सावधपणे आणि लक्ष ठेवून ते द्यायचे असते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या इव्ह लापिएर यांनी विकसित केलेल्या जेल कार्डामुळे ही चाचणी अधिक सोपी झाली. पुंजक्यांना अडवणारा जेलचा स्तंभ निकाल स्पष्ट दाखवतो आणि भारतातील अनेक रक्तपेढ्यांत ही कार्डे वापरात आहेत. आज अडथळा तंत्राचा फारसा उरलेला नाही. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन घसरते आहे, डोळे पिवळसर दिसत आहेत, सांधे दुखत आहेत, चेहऱ्यावर उन्हाने पुरळ येतो, अशा स्त्रीच्या कागदावर रेटिक्युलोसाइट आणि कूम्ब्स हे दोन शब्द कोणी लिहितो का, एवढाच प्रश्न राहतो.

एर्लिख यांनी शरीराच्या आत्मघाताला आवर घालणारी एक व्यवस्था कल्पिली होती. ल्युपस हे त्या व्यवस्थेच्या अपयशाचे नाव, आणि कूम्ब्स यांची चाचणी हे ते अपयश दिसू लागण्याचे साधन. मात्र चाचणी फक्त पेशीवर काय चिकटले आहे, एवढेच सांगते. पेशी मरत आहेत का, आणि त्या याच कारणाने मरत आहेत का, हे डॉक्टरालाच ठरवावे लागते.